टिळकवाडीतल्या दुमजली घराची लिफ्ट: प्रकल्प नोंदी

८ ऑक्टोबर २०२४

प्लॉट ४० × ६० फूट, टिळकवाडी, बेळगाव. तळमजला अधिक पहिला मजला. पाया भरून झाला, जोत्याचे बीम व्हायचे आहेत. लिफ्टला दोनच थांबे. तयार फरशीपासून तयार फरशीपर्यंत उंची ३३०० मिमी. पुढे लांबी-रुंदी-उंचीला एकक लिहिलेले नसेल तिथे मिमी समजावे. घरात व्हीलचेअर आजच वापरात आहे, त्यामुळे "जागा सोडून ठेवू, लिफ्ट पुढे बघू" हा मार्ग इथे नाही.

पुरवठादाराच्या कॅटलॉगातली नेहमीची होम लिफ्ट ४०८ किलोची, केबिन १००० रुंद × १२५० खोल. कागदावर खुर्ची बसते. शेजारच्या कोब्यावर खडूने तेवढाच चौकोन आखून खुर्ची आत घातली. पायपट्टीपासून मागच्या हँडलपर्यंत १०८०, बसलेल्याची बोटे पुढे ४०, मागे ढकलणाऱ्याला उभे राहायला निदान २८०. बेरीज १४००. म्हणजे १२५० च्या केबिनमध्ये आजी वर जातील आणि ढकलणारी बाई खाली राहील. केबिन ११०० × १४०० ठरली, क्षमता आठ माणसांची: ६८ किलोप्रमाणे ५४४ किलो.

दरवाजा ९०० मिमी मोकळा हवा. दोन्हीकडे उघडणारा दरवाजा घेतला तर शाफ्ट (लिफ्टची उभी पोकळी) जवळजवळ २००० रुंद लागतो. एका बाजूला सरकणारा दोन पानी टेलिस्कोपिक १५५० मध्ये बसतो. दुसरा घेतला. शाफ्टचे आतले तयार माप १६५० × १८५०. बांधकामाच्या नकाशावर मात्र १६९० × १८९० लिहिले: प्रत्येक बाजूला २० मिमी चुकायला जागा. आतून गिलावा नाही, फक्त ब्लॉकमधल्या दर्जा (सांधे) भरायच्या.

जोते पोर्चपासून ४५० वर. इथल्या पावसात ते खाली आणणे शहाणपणाचे नाही. १:१२ उताराने रॅम्प ५४०० लांब, १२०० रुंद, दोन्हीकडे ७६० आणि ९०० उंचीवर कठडे. डाव्या मार्जिनमध्ये बसतो. रॅम्प संपतो तिथे आणि लिफ्टच्या दोन्ही दारांपुढे १५०० × १५०० सपाट जागा. नकाशात लिफ्टसमोरच शू-रॅक होता, तो काढला.

१५ ऑक्टोबर २०२४

कोणती लिफ्ट, यावर अख्खी दुपार गेली. दोर आणि काउंटरवेटची मशिन-रूम नसलेली लिफ्ट वीज कमी खाते, वेगही जास्त. पण तिला शाफ्टच्या तळाशी खड्डा खोल लागतो आणि वजन छतावर येते. हायड्रॉलिकला (तेलाच्या दाबावर जॅकने केबिन उचलणारी) खड्डा ६०० पुरतो, वजन जॅकमधून सरळ जमिनीत उतरते, आणि वीज गेली की केबिन स्वतःच्या वजनाने खाली येऊ शकते. एक झडप उघडण्यापुरती बॅटरी बस्स. पावसाळ्यात दिवसातून चारदा वीज जाणाऱ्या गावात हा शेवटचा मुद्दा बाकीच्या सगळ्यांपेक्षा जड. हायड्रॉलिक ठरली.

जॅक एका बाजूच्या भिंतीलगत, वर कप्पी, दोर दुहेरी. जॅक १ मीटर उचलला की केबिन २ मीटर जाते, म्हणून ३३०० च्या प्रवासाला दांडा १६५० चालला की झाले. त्याची किंमत अशी की जॅकवर वजन दुप्पट येते. केबिन आणि सांगाडा ५०० किलो, माणसे ५४४, बेरीज १०४४. जॅकवर २०८८, त्यात कप्पी आणि दांडा धरून सव्वादोन टन. हा आकडा स्ट्रक्चरल इंजिनियरला आजच कळवला. आतल्या सजावटीचा प्रत्येक किलो जॅकला दोन किलो वाटतो, हे घरच्या मंडळींनाही सांगून ठेवले.

वेग सेकंदाला ०.१५ मीटर. वर जायला २२ सेकंद, दार उघडझाप धरून अर्धे मिनिट. "फार हळू" अशी तक्रार आली. ०.३ घेतला तर मोटर ३ एचपीची ६ एचपी होते. जिना चढू शकणारा तसाही लिफ्टची वाट बघत नाही. ०.१५ कायम.

२४ ऑक्टोबर २०२४

खड्डा खणला. उंच जोते रॅम्पच्या वेळी नडले, इथे उपयोगी पडले: खड्ड्याचा तळ फरशीपासून ६०० खाली, पण जोतेच ४५० वर असल्याने पोर्चच्या जमिनीपासून जेमतेम १५० खाली. त्याखाली २० चा थर, २०० चा राफ्ट (सळईचा काँक्रीट तळ), १०० पीसीसी (साधे काँक्रीट), १५० सोलिंग (दगडांचा थर). एकूण खोदाई जमिनीखाली ६२० मिमी. तांबडी माती, खाली घट्ट मुरूम. धुमसाने ठोकून घेतला.

हेच काम बैलहोंगल-सौंदत्तीकडच्या काळ्या मातीत असते तर खड्डा असा सुटा ठेवता आला नसता. ती माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खड्डा एकीकडे आणि घराचे कॉलम दुसरीकडे हलले की रेल (केबिन जिच्यावरून सरकते त्या उभ्या लोखंडी पट्ट्या) वाकड्या होतात. तिथे काळी माती काढून मुरूम भरायचा आणि खड्ड्याचा राफ्ट घराच्या पायाशी सळईने बांधून घ्यायचा.

२६ ऑक्टोबर २०२४

खड्ड्याचे काँक्रीट. दिवाळीला माणसे गावी जाण्याआधी उरकले. राफ्ट २१९० × २३९० × २००, म्हणजे १.०५ घनमीटर; भिंती १५० जाड, ६०० उंच, ०.७०. एकूण १.७५ घनमीटर एम २५ प्रतीचे काँक्रीट. सिमेंट १४ पोती, दर पोत्याला २०० मिली वॉटरप्रूफिंग द्रव, एकूण २.८ लिटर. सळई १० मिमी, १५० अंतराने, दोन जाळ्या.

राफ्ट आणि भिंत एकाच दिवशी ओतली. लिफ्टचे खड्डे गळतात ते बहुतेक या सांध्यातून: आज तळ, चार दिवसांनी भिंत, मध्ये धूळ बसलेली. एका दमात जमत नसेल तर सांध्यात फुगणारी पट्टी घालावी. एका कोपऱ्यात २०० × २०० × १५० चा छोटा हौद ठेवला, पाणी आलेच तर उपसायला. सांडपाण्याच्या लाइनला मात्र जोडलेला नाही. पावसाळ्यात ती लाइन तुंबली की पाणी उलटे याच वाटेने येते.

११ नोव्हेंबर २०२४

खड्डा उलटा तपासला. आत ३०० मिमी पाणी भरले, भिंतीवर खिळ्याने रेघ मारली, शेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवून तिच्यातही रेघ. ७२ तासांनी खड्ड्यात ५ मिमी कमी, बादलीतही ५. म्हणजे गेले ते उन्हाने. बादली नसती तर हे ५ मिमी गळती की बाष्प यावर वाद झाला असता.

१७ जानेवारी २०२५

रेलच्या भिंतीत सहा ठिकाणी आरसीसी पट्ट्या मागितल्या होत्या, २०० उंच. खड्ड्याच्या तळापासून मध्य ३००, १५००, २७००, ३७००, ४९००, ६१००. चौथी आपोआप पहिल्या मजल्याच्या बीममध्ये येते. बाकी भिंत सहा इंची काँक्रीट ब्लॉकची. रेलचे ब्रॅकेट ब्लॉकमध्ये ठोकून चालत नाही. या रचनेत केबिन एका बाजूने लटकते, ती वरच्या ब्रॅकेटला भिंतीतून बाहेर ओढते आणि खालच्याला आत दाबते. ब्लॉकमधला अँकर महिन्या-दोन महिन्यांत सैल पडतो.

पाचवी आणि सहावी पट्टी ५० मिमी खाली ओतली गेली आहे. कारण साधे. गवंड्याने पहिल्या मजल्याच्या कच्च्या स्लॅबपासून टेप लावला, नकाशातले माप तयार फरशीपासून होते. पाचवी पट्टी आता ४७५० ते ४९५० आहे. ब्रॅकेटचे दोन बोल्ट मध्यापासून ६० वर आणि ६० खाली, त्यामुळे वरचा बोल्ट ४९६० वर, पट्टीच्या १० मिमी बाहेर, थेट ब्लॉकमध्ये.

फोडाफोड टळली. दोन्ही ब्रॅकेट ५० खाली घेतले तर अंतर ११५० आणि १२०० होते, आणि या रेलला कमाल १५०० चालते. पुरवठादाराकडून तसे लेखी घेतले, ड्रॉइंग बदलून घेतले. तोंडी "चालतंय" वर हे सोडू नये. रेल बसवायला येणारी टोळी वेगळी असते आणि तिच्या हातात जुनेच ड्रॉइंग असते.

खानापूरकडे जांभ्याच्या जुन्या घरात लिफ्ट घालायचे विचारले जाते, म्हणून टिपून ठेवतो. जांभा दिसतो दणकट, पण आतून सच्छिद्र. फुगणारा अँकर आवळला की छिद्राच्या कडा भुगा होतात. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट आणि पलीकडून १५० × १५० × १० ची पट्टी, नाहीतर भिंतीला हातच न लावता लोखंडी चौकटीचा स्वतंत्र शाफ्ट. चौकटच बरी.

घरभर एक मीटरची रेघ आजच मारून घेतली: तयार फरशीपासून १००० वर, निळ्या दोऱ्याने, दोन्ही मजल्यांवर, पाणनळीने मिळवून. यापुढे कुठलेही माप स्लॅबपासून नाही, या रेघेपासून. तळमजल्यावर शहाबाद २५ आणि खाली ४० चा थर, एकूण ६५. वर टाइल १० अधिक ४०, एकूण ५०. त्यामुळे कच्च्या स्लॅबांमधले अंतर ३३१५ आहे. प्रवास मात्र ३३००.

२० मार्च २०२५

शाफ्टचा वरचा स्लॅब. पाडव्याआधी सेंटरिंग मोकळे हवे म्हणून घाई होती. लिफ्टला पहिल्या मजल्याच्या फरशीपासून वर ३५०० पुरतात. आपण ४१०० घेतले. वरच्या व्हेंटला (हवेच्या झरोक्याला) ०.२ चौरस मीटर लागते, म्हणजे ५०० × ४००, आणि ३५०० वर स्लॅब घातला असता तर गच्चीवर शाफ्टची बाजू २०० च दिसली असती. व्हेंट ठेवणार कुठे? आता बाजू ८०० आहे. व्हेंट कच्च्या गच्चीपासून ३५० वर, तिथपर्यंत वॉटरप्रूफिंगचा कोबा चढवता येतो. तोंड पूर्वेला, कारण इथला पाऊस पश्चिम-नैर्ऋत्येकडून मारतो. तिरप्या पट्ट्यांची जाळी, आतून बारीक जाळी. ती नसेल तर चिमण्यांचे घरटे ठरलेले.

स्लॅबच्या खाली मध्यावर हुक, २५ मिमी गज, स्लॅबच्या सळईखालून वळवलेला. दीड टनासाठी. जॅक आणि केबिनचा सांगाडा याच हुकाला चेनपुली लावून उचलायचा आहे. हुक विसरला तर नंतर स्लॅबला भोक पाडावे लागते आणि ते भोक जन्मभर गळते.

९ एप्रिल २०२५

शाफ्टची ओळंब्यातली तपासणी. वरच्या स्लॅबखाली लाकडी चौकट घट्ट बसवून चार कोपऱ्यांतून पियानो वायर सोडली, खाली १० किलोची वजने, वजने तेलाच्या डब्यात बुडवलेली. तेल नसेल तर वजने हलत राहतात आणि माप घेणारा जे हवे ते वाचतो.

दर ६०० मिमीवर चारही भिंतींपर्यंतचे अंतर मोजून तक्ता केला. तीन भिंती १० मिमीच्या आत. दरवाजाची भिंत पहिल्या मजल्याच्या बीमपाशी २२ मिमी आत झुकली आहे. गवंड्याच्या मापात सात सूत.

"सात सूत म्हंजे काय मोठं हाय साहेब? गिलाव्यात मारून घेऊया की."

बाहेरच्या भिंतीला ते चालले असते. इथे राखलेली जागा २० ची होती आणि चूक २२ ची आहे. केबिनचा उंबरा आणि मजल्याचा उंबरा यांत फट २५ मिमी ठेवायची आहे. व्हीलचेअरचे पुढचे चाक साधारण २५ ते ३० मिमी रुंद; केबिनमध्ये शिरताना ते जरा जरी आडवे झाले तर मोठ्या फटीत फसते. त्यामुळे दोन्ही मजल्यांचे उंबरे एकाच ओळंब्यात हवेत, आणि तो ओळंबा सर्वांत आत आलेल्या बिंदूवरून ठरतो. तो बिंदू म्हणजे हा बीम.

उपाय असा निघाला: बीमच्या आतल्या कडेचे ८ मिमी काँक्रीट डायमंड ग्राइंडरने खरवडले (कव्हर ३० आहे, सळई उघडी पडत नाही), आणि तळमजल्याचा उंबरा १४ मिमी आत घेऊन त्यामागे लोखंडी पॅकिंग. खालच्या दारापाशी भिंतीची खाच १४ ने जास्त खोल दिसेल. तिथे सागवानी चौकट येणारच आहे, ती तेवढी रुंद करू. दर्शनी बाजूने कोणाला कळणार नाही. मिस्त्रींना कळते, आणि ते अजून सात सूत म्हणजे काय मोठं यावर ठाम आहेत.

२२ एप्रिल २०२५

वीज. हेस्कॉमचा (इथल्या वीज कंपनीचा) थ्री-फेज जोड आहे. मोटर २.२ किलोवॉट, म्हणजे ३ एचपी, चालू प्रवाह पाच अँपियरच्या आत, पण सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. सॉफ्ट स्टार्टर घेतला. नाहीतर लिफ्ट सुटली की दिवाणखान्याचे दिवे मिचकावतात.

मीटरपासून लिफ्टच्या पॅनेलपर्यंत ४ चौमिमी तांब्याची केबल. केबिनच्या दिव्याची आणि पंख्याची लाइन वेगळी, स्वतंत्र एमसीबीवर. मुख्य स्विच पाडला तरी आत अडकलेला माणूस अंधारात राहता कामा नये. फेज उलटा झाला किंवा एक गेला तर मोटर थांबवणारा रिले लावला. विहिरीच्या पंपाला असतो तोच.

अर्थिंगला वेळ लागला. अर्थिंगच्या पहिल्या खड्ड्याचे मोजमाप ७.४ ओहम. तांबडी मुरमाड जमीन एप्रिलमध्ये कोरडीठाक असते, वीज मुरवून घेत नाही. दुसरा खड्डा ३ मीटर अंतरावर, बेंटोनाइट घालून. दोन्ही जोडल्यावर ३.१. मोजायचे ते याच दिवसांत. जुलैत मोजले तर कुठलाही खड्डा पास होतो.

५ मे २०२५

रेल आल्या, ५ मीटरच्या. एकूण ७ मीटर लागतात. टोळीने सवयीने खाली ५ ची आणि वर २ ची उभी करायला घेतली. तसे केले तर जोड ५००० वर येतो आणि ब्रॅकेट आहे ४८५० वर. जोडपट्टी ब्रॅकेटवर आपटते. २ मीटरचा तुकडा खाली घ्यायला लावला. जोड २००० वर, खाली १५०० चे ब्रॅकेट, वर २७०० चे. मोकळा.

अँकर एम १२, भोक ८० खोल. भोकातली पूड पंपाने फुंकून काढल्याशिवाय अँकर घालू दिला नाही. दोन रेलमधले अंतर गेजने मोजून अधिक १ मिमीच्या आत, ओळंबा पाच मीटरला १ मिमी. जोडावर ०.३ मिमीची पायरी बोटाला लागत होती, डोळ्याला दिसत नव्हती. कानसीने उतरवली. तशीच ठेवली असती तर केबिनला प्रत्येक फेरीत तिथे टुक असा धक्का बसला असता.

१२ मे २०२५

जॅक उभा केला, दांडा ८० मिमी व्यासाचा. पॉवर पॅक जिन्याखालच्या कपाटात, जॅकपासून ४ मीटर. पंप तेलातच बुडालेला, टाकीखाली रबरी पॅड, त्यामुळे घरघर दिवाणखान्यात जेमतेम पोचते. कपाटाला बंद दार नको, तेल तापते. सागवानी जाळीचे दार करायचे ठरले. घराच्या दर्शनी कामात जाळी होतीच, तोच नमुना.

तेल व्हीजी ४६ (घट्टपणाची प्रत), २० लिटरच्या तीन बादल्या. केबिन वर गेली की आठ-सव्वाआठ लिटर तेल जॅकमध्ये असते, म्हणून पातळी नेहमी केबिन खाली असताना बघायची. वर असताना पाहून कोणीतरी भर घालतो, आणि केबिन खाली आली की टाकी ओसंडते.

पहिल्या फेरीत केबिन थरथरत चढली. पाइपात हवा. जॅकच्या डोक्याचा स्क्रू अर्धा फेर सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत तेल येऊ दिले, मग रिकाम्या सहा फेऱ्या. थरथर गेली. पाइप फुटला तर केबिन धरून ठेवणारी झडप थेट जॅकच्या तोंडावर आहे ना, हे हात लावून पाहिले. ती पाइपाच्या मध्ये कुठे बसवली तर तिच्या आणि जॅकच्या मधला तुकडा फुटल्यावर तिचा काही उपयोग नाही.

१६ मे २०२५

केबिनच्या आत काय लावायचे, यावर घरच्यांशी बैठक. मागणी अशी की दिवाणखान्याचीच शहाबाद आत यावी, म्हणजे दार उघडल्यावर फरशी सलग दिसेल. कल्पना देखणी आहे. हिशोब मांडला: केबिन १.५४ चौरस मीटर, २५ मिमी शहाबाद चौरस मीटरला ६५ किलो, म्हणजे १०० किलो. दीड माणूस कायमचा लिफ्टमध्ये उभा. जॅकला २०० किलो. २० मिमी ग्रॅनाइट घेतला तरी ८३.

सजावटीला पुरवठादाराने ६० किलो दिले आहेत. त्यात बसवले ते असे: शहाबादच्या रंगाची ६ मिमी खरखरीत पोर्सिलिन टाइल, पट्टीसह २२ किलो. मागच्या भिंतीला ४ मिमी प्लायवर सागाचा व्हिनिअर, ६ किलो. ६०० × ९०० चा आरसा, मागून फिल्म चिकटवलेला, ७ किलो. कठडा ४. बेरीज ३९. आरसा शोभेचा नाही. खुर्ची आत वळत नाही, उलटी बाहेर काढावी लागते, तेव्हा मागचे दिसायला तो हवा. म्हणून खालची कड फरशीपासून ४०० वर ठेवली.

२१ मे २०२५

रात्री वळीव कोसळला. सकाळी खड्ड्यात १२ मिमी पाणी.

नोव्हेंबरची चाचणी पास होती, तेव्हा तळावर संशय घेण्यात अर्थ नव्हता. पाणी पुसून, कोरडे करून, एकेक जागा घेतली. व्हेंटवर बाहेरून नळी मारली: आत थेंब नाही. गच्चीचा सांधा कोरडा. मग कंपाउंडजवळच्या मीटरच्या चेंबरमध्ये नीळ घातलेले दोन बादल्या पाणी ओतले. वीस मिनिटांत खड्ड्याच्या भिंतीतून, केबलच्या २५ मिमी पाइपातून, निळी धार.

चेंबर खड्ड्यातल्या तोंडापेक्षा उंच, पाइप आत उतरता, आणि केबलभोवती जागा मोकळी. वॉटरप्रूफिंग निर्दोष आणि त्यात आपणच एक नळ सोडलेला! केबल चेंबरमध्ये खाली लोंबती वाक देऊन पुन्हा वर घेतली, पाइपाची दोन्ही तोंडे डक्ट सील पुट्टीने ५० मिमी खोल बंद केली, चेंबरच्या तळाला खडीचा शोषखड्डा. पुन्हा नीळ. कोरडे. हौदात फ्लोट स्विचही बसवला. ५० मिमी पाणी झाले की पॅनेलवर बझर.

२७ मे २०२५

उंबऱ्यांची फट: खाली २४, वर २५. थांबताना पातळीतला फरक वर ३, खाली २.

दरवाजाला पुरवठादाराने एकच किरण असलेला सेन्सर दिला होता, ६०० उंचीवर. खुर्चीची पायपट्टी १५० वर असते. पाय दारात आणि किरण मोकळा, दार सरळ नडगीवर येते. पूर्ण उंचीचा लाइट कर्टन (अनेक किरणांचा पडदा) मागवून बदलला. घरात व्हीलचेअर असेल तर ऑर्डर देतानाच हे लिहून द्यावे.

बटणांची पट्टी बाजूच्या भिंतीवर, आडवी, ९०० ते १२०० मध्ये, पुढच्या कोपऱ्यापासून ४०० आत. कोपऱ्याला चिकटून असली तर खुर्चीत बसलेल्याचा हात पोचत नाही, गुडघा आधी भिंतीला लागतो. बाहेरची बटणे १००० वर, उठावदार आकडे आणि ब्रेल. मजला सांगणारा आवाज मराठी आणि कानडी दोन्हीत भरून घेतला. घरची माणसे एक बोलतात, देखभालीची बाई दुसरी.

५ जून २०२५

वजनाची चाचणी. सिमेंटची पोती साइटवर होतीच. ११ पोती (५५० किलो) घालून पहिल्या मजल्यावर दहा मिनिटे उभी ठेवली: ३ मिमी खाली आली. मर्यादा १० ची. गेजवर दाब ४४ बार, हिशोबाबरहुकूम. १२ पोत्यांना बझर वाजून दार बंद होईना, ते तसेच हवे होते. १३ पोती आणि टाइलच्या खोक्यांसह ६८० किलो, म्हणजे सव्वापट, उभी ठेवून ब्रॅकेट आणि अँकर पाहिले. हलले काही नाही. पाइप फुटल्याची झडप आणि दोर सैल पडल्यावर रेल पकडणारा ब्रेक पुरवठादाराच्या माणसांनी आपल्यासमोर चालवून दाखवला.

मग पोती काढून, दोन माणसे आत, मुख्य स्विच पाडला. सहा सेकंद काही नाही, नंतर केबिन हळूहळू खाली येऊन दार उघडले. दाराच्या मोटरलाही बॅटरी आहे का, हे इथे कळते. केबिन खाली आली आणि दार उघडलेच नाही तर आतल्याला काय उपयोग?

११ जून २०२५

कर्नाटक लिफ्ट, एस्कलेटर व पॅसेंजर कन्व्हेयर अधिनियम, २०१२ खाली लिफ्ट उभारण्याची परवानगी आधी आणि चालवण्याचा परवाना नंतर, दोन्ही विद्युत निरीक्षणालयाकडून. परवानगी डिसेंबरातच काढली होती. आज चाचणीचे कागद, अर्थिंगचे आकडे आणि बदललेले ब्रॅकेटचे ड्रॉइंग परवान्याच्या अर्जाला जोडले. सीमेपलीकडचा पुरवठादार असला तर एक गोष्ट तपासावी. महाराष्ट्राचा कायदा वेगळा, २०१७ चा, आणि त्याचे नमुने इथे चालत नाहीत. आपल्याकडेही पहिला संच तिकडचाच आला होता.

परवाना हातात येईपर्यंत लिफ्टला कुलूप, किल्ली ऑफिसात. घरभरणी झाली, पाहुणे आले, तरी कुलूप.

३ जुलै २०२५

परवाना मिळाला. किल्ली दिली. दहा मिनिटे कोणी वापरली नाही तर केबिन तळमजल्यावर येऊन थांबेल असे सेट केले. रात्री तेल थंड होऊन आकसते आणि वर उभी केबिन थोडी थोडी उतरते, ते टळते. कपाटाच्या आतल्या बाजूला कागद चिकटवला: हाताने खाली आणायची झडप कुठली, महिन्यातून एकदा मुख्य स्विच पाडून बॅटरी बघायची, तेलाची रेघ केबिन खाली असताना.

खड्डा उघडून पाहिला. जूनभराच्या पावसानंतर हौद कोरडा. केबिनखाली माणूस उतरताना लावायचा लोखंडी टेकू जागेवर होता, त्याला लाल रंग मारायचा राहिला आहे.